पाचवे बोट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी नमुनेकाकांचे नाव घेतो. हे त्यांचे खरे नाव नव्हे. पण जबलपूरच्या गढा या वस्तीत सगळे त्यांना याच नावाने ओळखत, आणि माझ्याही तोंडी तेच बसले आहे.

तुम्ही त्यांना पाहिले असते तर आधी त्यांचा उजवा हात तुमच्या नजरेत भरला असता. बिअरचा घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे, घोट गालातल्या गालात फिरवून पितळी तस्तात थुंकायचा, आणि मग मिटलेल्या मुठीतून एकेक बोट उघडायचे. करंगळी उघडली की म्हणायचे, "जव आहेत." पुढचे बोट, "फुलं आहेत." म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुले. मधले बोट, "पाणी आहे." मग पिपाचे "लाकूड आहे." चार बोटे उघडली की नमुना तपासून झाला. अंगठा तळहातावर मिटलेलाच राहायचा.

क्वचित कधी मात्र चार बोटांनंतर ते थांबत. ओटीवर बोलणारा माणूस बोलता बोलता गप्प होई. काकांचा चेहरा त्या वेळी उतरायचा की उजळायचा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. मग अंगठा हळूच तळव्यावरून उचलला जाई, पंजा पुरा उघडे, आणि ते म्हणत, "आणि कोणीतरी आहे."

मी मूळचा सिवनीचा. वडील बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर शिवणयंत्र घेऊन बसत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची शेवटची इयत्ता पाहिली नव्हती. मॅट्रिक होऊन मी जबलपूरला कॉलेजात नाव घातले तेव्हा राहायला जागा नव्हती. कोणाच्या तरी ओळखीने नमुनेकाकांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी जात विचारली नाही, गाव विचारले नाही. विचारले एवढेच, की इंग्रजी लिहिता येते का. येते म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "अच्छा, चलो. बाहेरची खोली तुझी, ग्रॅज्युएट."

मी अजून कॉलेजच्या वर्गात पाऊलही टाकले नव्हते. पण त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. पहिल्या परीक्षेत मी गणितात गडगडलो तेव्हाही ते म्हणाले, "काहून रडून राहिला, ग्रॅज्युएट? फेस बसू दे. मग खाली काय आहे ते दिसते."

त्यांचे काम असे. सिविल लाइन्समध्ये एका पारशी सेठजींची मोठी पेढी होती. छावणीतल्या मेसांना आणि साहेबांच्या बंगल्यांना तिथून बिअर जाई. काही माल विलायतेहून येई, पण सेठजींची खरी हौस होती ती देशातल्या लहान लहान कारखान्यांची. कोणी पंजाबच्या डोंगरात बिअर बनवी, कोणी देहरादूनकडे, कोणी लखनौला. प्रत्येकाचे पाणी वेगळे, भट्टी वेगळी, हात वेगळा. आमच्या गढ्यातही मदनमहालच्या टेकडीखाली, काळ्या शिळांच्या आडोशाला, एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबाचा असा चिमुकला कारखाना होता. या सगळ्यांचे नमुने काकांच्या ओटीवर येत. कोणती बिअर कोणाला पाठवावी हे काका ठरवत, आणि त्यांनी मराठीत सांगितलेली चव मी सेठजींच्या सूचीपत्रकासाठी इंग्रजीत उतरवी.

ते सोपे नव्हते. ओळीने पेले मांडलेले असत. फिक्या सोनेरी बिअरपासून सुरुवात करून काका काळ्या स्टाउटपर्यंत येत, पुन्हा मागे जात, दोन पेले शेजारी धरून उन्हात पाहत. एखादीला म्हणत, ही कच्च्या पेरूच्या सालीसारखी. दुसरी कढईला लागलेल्या गुळासारखी. तिसरीचा घोट घेऊन मला म्हणाले, "ही माहेरी रुसून आलेली मुलगी आहे. आधी बोलत नाही. बोलू लागली की थांबत नाही." मी लिहिले की या बिअरची चव उशिरा उलगडते व दीर्घकाळ टिकते. छावणीतून तिचीच मागणी सर्वांत जास्त आली. काकांनी ते ऐकून मला रबडी खाऊ घातली.

हळूहळू मलाही त्यातले कळू लागले. एकाच जवाची बिअर एका भट्टीवर भाकरीच्या पापुद्र्यासारखी लागते आणि दुसरीवर भाजलेल्या हरभऱ्यासारखी, हे ओळखता आले तेव्हा मला परीक्षा पास झाल्याइतका आनंद झाला. त्या ओटीवर मी जे शिकलो ते मला पुढे वर्गात मुलांना कविता शिकवतानाही उपयोगी पडले. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रत्येकीचे खरे रूप दिसू लागते.

काका स्वतः एक थेंब गिळत नसत. मराठ्यांच्या चाकरीत कधीकाळी इकडे आलेले त्यांचे घराणे, सोवळ्याओवळ्याचे. चाखणे आटोपले की ते नर्मदेच्या पाण्याने चूळ भरत, विहिरीवर अंघोळ करत, मगच आत जात. एकादशीलाही नमुने पाहत. शेजारच्या भटजींनी टोकले तेव्हा त्यांनी विचारले, "पंडितजी, तुम्ही श्राद्धाचं आमंत्रण घ्यायच्या आधी स्वयंपाकाचा वास घेत नाही का?" भटजी हसले. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

आता अंगठ्याचे सांगतो.

त्या घरात काकांखेरीज एकच माणूस होते, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. मी त्यांना काकू म्हणे. मोठ्या दिरासमोर यायचे नाही, त्याच्याशी बोलायचे नाही, ही त्या घरची रीत त्या दोघांनी कडक पाळली होती. एका छपराखाली इतकी वर्षे काढून त्यांनी एकमेकांशी एक वाक्य बोललेले नव्हते. जेवणाचे ताट दाराशी येई, रिकामे ताट दाराशी जाई. काही सांगायचेच झाले तर मधे मी असे, माझ्याआधी एक म्हातारी मोलकरीण होती.

पण नमुने उघडायच्या दिवशी काकू ओटीच्या दारामागे येऊन उभ्या राहत. बांगड्या किणकिणत आणि मग एकदम थांबत. मला वाटे, बाईमाणसाला कुतूहल असते. खरी गोष्ट मला काकांनी पहिल्या उन्हाळ्यात सांगितली.

धाकटा भाऊ लहानपणापासून काही ना काही आंबवत बसे. उन्हाळ्यात घरची कांजी तोच घाली. पुढे तो टेकडीखालच्या साहेबाच्या कारखान्यात जाऊ लागला. वडिलांना कळले तेव्हा त्यांनी त्याला घराबाहेर काढले. तो उत्तरेकडे गेला एवढेच कळले. नंतर निरोप नाही, ठावठिकाणा नाही. वडील वारले, आई वारली. काकू कुंकू लावून वाट पाहत राहिल्या. काका तेव्हा दुसरीकडे नोकरीला होते. भावाचा माग लागावा म्हणूनच ते सेठजींच्या पेढीत आले. देशात जिथे जिथे बिअर बनते तिथली बाटली आपल्या हातात येईल, मग तो कुठेही असो, असा त्यांचा हिशेब होता.

आणि एके वर्षी पंजाबच्या डोंगरातून आलेल्या बाटलीत त्यांना तो सापडला.

"चव नाही रे ती," काका म्हणाले. "गोड संपते आणि कडू सुरू होते, त्याच्या मधे तो जरा थांबतो. कांजीतही तसंच होतं त्याचं. जसं कोणी दारात उभं राहावं, आत यावं की नाही म्हणून."

त्या दिवशी काकांनी दाराकडे पाठ ठेवूनच पुरा पंजा वर केला. मागून बांगड्यांचा आवाज आला. तेव्हापासून दोघांत ती खूण झाली. अंगठा उघडला म्हणजे तो आहे, काकूंचे कुंकू आहे. सेठजींकडून त्या कारखान्यात चौकशी केली, तर असा कोणी मराठी माणूस इथे कामाला नाही असे उत्तर आले. काकांनी ते मानले नाही. नाव बदलले असेल, म्हणाले.

मी त्या घरात असताना अंगठा पुन्हा उघडला तो देहरादूनकडच्या बिअरवर. त्या पेल्यातला फेस खूप वेळ बसला नाही हे मला चांगले आठवते. सगळे पेले शांत झाले, तो एक तसाच, काठोकाठ, पांढरा. मी घोट घेतला. मला जव लागले, फुले लागली, बाकी काही लागले नाही. पुढल्या मोसमात तो लखनौच्या बाटलीत निघाला. काकांनी पेला खाली ठेवला आणि रस्त्याकडे पाहत म्हणाले, "ग्रॅज्युएट, तो जवळ येऊन राहिला आहे."

त्या आठवड्यापासून आत जेवणाच्या वेळी एक पाट जास्त मांडला जाऊ लागला.

थंडी सरताना गढ्याच्या कारखान्यात जुनी पिपे दुरुस्त करायला एक पहाडी सुतार आला. हयात त्याने पंजाबच्या डोंगरातल्या त्याच कारखान्यात पिपे बांधण्यात घालवली होती. काका मला घेऊन टांग्याने तिथे गेले. कारखान्याचे तळघर दोन काळ्या शिळांच्या फटीत होते. बाहेर लख्ख दुपार, आत हिवाळा. सुतार पिपाला लोखंडी कडे चढवत होता. काकांनी हिंदीत विचारले, तिकडे कधी आमच्याकडचा कोणी मिस्त्री होता का, बुटका, डाव्या भुवईत खोक पडलेला.

सुताराने हातोडी खाली ठेवली. "काहून बाबू? हर बात में काहून, काहून करते थे. सब यही बुलाते थे उन्हें."

मीच विचारले, ते आता कुठे आहेत.

"वो तो कब के गुज़र गए, भैया. बर्फ़ बहुत गिरी थी उस साल. मैंने ही कंधा दिया था." मग त्याने कोणत्या वर्षीचा तो बर्फ हे सांगितले. काकांना पहिली बाटली मिळाली त्याच्या कितीतरी आधीची ती गोष्ट होती.

काकांनी एकच प्रश्न विचारला. त्याने आपली विद्या कोणाला शिकवली का?

"नहीं बाबूजी. भट्टी के पास किसी को आने ही नहीं देते थे."

परतताना काका टांग्यात ताठ बसले होते. गढ्याचा बाजार ओलांडला तेव्हा त्यांनी विचारले, "तू काय ऐकलंस?" मी म्हणालो, तुम्ही ऐकलं तेच. त्यांनी मान हलवली. घर आले तेव्हा दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. आज कोणताही नमुना उघडायचा नव्हता. तरी आम्ही कुठे जाऊन आलो ते काकूंना ठाऊक होते.

काकांनी लखनौची उरलेली एक बाटली काढायला लावली. घोट घेतला, डोळे मिटले. करंगळी, अनामिका, मधले बोट, तर्जनी. मग ते इतके थांबले की मला वाटले, आता हात खाली येणार. मी दाराकडे पाहायचे टाळले. एका बाईचे सगळे आयुष्य त्या मिटलेल्या अंगठ्याखाली होते, आणि ते तिला, त्यांना आणि मला, तिघांनाही माहीत होते.

अंगठा उघडला.

मला वाटले, काकांना दया आली. पण त्यांनी पेला माझ्यापुढे केला. "तू चाख." मी घोट घेतला. गोड होते, ते संपले. आणि कडू सुरू व्हायच्या आधी तिथे काहीच नव्हते. नुसते काहीच नाही असे नव्हे. कोणीतरी श्वास धरून उभे असावे तसे होते. मी पेला ठेवला आणि काकांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत समाधान नव्हते. ते म्हणाले, "खोटं असतं तर बरं झालं असतं रे."

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर पाणी काढत असताना काकू मागच्या दारात आल्या. त्यांनी मला थांबवले आणि मधल्या खोलीत बसलेल्या काकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "भैया, त्यांना सांगा, मला कळलं आहे. टांगेवाल्यानं मजुरांकडून ऐकलं, आपल्या बायकोला सांगितलं, तिनं मला."

मी दोर धरून उभा राहिलो.

"तरी अंगठा दाखवत जा म्हणावं. कुंकवासाठी नाही म्हणत मी. ते आले की मला कळायला नको का?"

आतून काका खाकरले. त्या घराच्या रिवाजात ते होकारासारखेच होते.

पुढल्या मोसमात गढ्याच्याच कारखान्याच्या पहिल्या पिपावर काकांचा पंजा पुरा उघडला. अर्ध्या कोसावर, टेकडीखाली. बनवणारा म्हातारा साहेब तोच, मजूर तेच, जव नेहमीचेच. काका दुपारी तळघरात जाऊन बसू लागले. साहेबाने त्यांना एक स्टूल दिले होते. मजूर सांगत, बाबूजी पिपांशी मराठीत बोलतात, आणि मधेमधे थांबतात, समोरचा बोलत असल्यासारखे. एकदा मी त्यांना बोलवायला गेलो. आत शिरण्याआधी मला त्यांचा आवाज ऐकू आला. ते म्हणत होते, "काहून उभा आहेस? ये की आत. बाबा नाहीत आता."

मी बाहेरच उभा राहिलो. ते आपण होऊन येईपर्यंत मी त्यांना हाक मारली नाही.

मी बी.ए. झालो. निकाल कळला तेव्हा काका चाखत होते. त्यांनी घोट थुंकला, चूळ भरली आणि म्हणाले, "मला कोणी नवीन बातमी सांगा." मग आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. दाराआडून काकूंनीही एका वाटीत साखर सरकवली. सिवनीच्या शाळेत मला नोकरी मिळाली आणि मी गढा सोडला.

काका गेले ते थंडीत, तळघरातल्या त्या स्टुलावरच. भिंतीला टेकून बसलेले सापडले. सेठजींनी माणूस पाठवून मला कळवले. मी पोचलो तेव्हा सागरहून त्यांचे चुलतभाऊ आले होते. सुताराची गोष्ट आता सगळ्यांना माहीत झाली होती. ओटीवर बसून ते बोलत होते की तेरावा झाला की येत्या अमावास्येला धाकट्याचेही क्रियाकर्म उरकून टाकू. मेलेल्या माणसाचे कुंकू किती वर्षे लावायचे? मोठा होता तोवर त्याच्या अंगठ्याचा मान राखला, आता कोणाचा राखायचा?

मी निघताना दाराआडून काकूंचा आवाज आला. "भैया, आता कोण दाखवील?"

त्यांनी दाराच्या फटीतून एक बाटली पुढे केली. गढ्याच्या कारखान्याची, काकांनी गेल्या आठवड्यात आणलेली. ती उघडायची राहून गेली होती. सुतकाच्या घरात मी ती उघडू शकत नव्हतो. पंच्यात बांधून सिवनीला आणली. रविवारी सकाळी वडिलांच्या शिवणयंत्राशेजारी बसून उघडली, चाखली, आणि मग एक पत्र लिहिले. पत्र काकांच्या नावाने, गढ्याच्या पत्त्यावर टाकले. काकूंना वाचता येत नव्हते. काका घरी नसताना आलेले पत्र डाकवाला ओटीवर उभा राहून मोठ्याने वाचून दाखवी, हे मला माहीत होते, आणि अमावास्येपर्यंत चुलतभाऊ तिथेच असणार हेही.

काकू पुढे खूप वर्षांनी गेल्या. कुंकू लावूनच गेल्या. पत्र असे होते:

*तीर्थरूप काकांस,*

*शिरसाष्टांग नमस्कार. आपण पाहायची राहिलेली गढ्याची बाटली मी आज उन्हात बसून पाहिली. आपण शिकवल्याप्रमाणे घोट गिळला नाही. जे लागले तेच लिहितो, आपल्यासमोर मी कधी वेगळे सांगितलेले नाही.*

*जव आहेत. जरा जास्त भाजले गेले आहेत. फुले आहेत. पाणी आपल्या टेकडीचेच आहे. लाकूड आहे, नव्याने बांधलेल्या पिपाचे.*

*गोड संपल्यावर मी वाट पाहिली. दार उघडे आहे, काका. धाकटे काका नेहमीच्या जागी उभे आहेत. पण आज ते एकटे नाहीत. त्यांच्याशेजारी आणखी कोणीतरी आहे, जरा उंच, आणि मला वाटते त्या दुसऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आहे. दोघेही आत यायच्या बेतात आहेत. कडू खूप उशिरा आले, आणि आले तेव्हा फारसे कडू राहिले नव्हते.*

*माझा पंजा पुरा उघडला. घरात जे कोणी हे ऐकत असतील त्यांना कळवावे. मोसमाची पहिली बाटली दर वर्षी मला पाठवावी, मी पाहून कळवीत जाईन. पाट मांडताना आता एकाऐवजी दोन मांडावेत.*

*आपला,*
*ग्रॅज्युएट*